आतून धरणारं कुणी

रायबंदरच्या फेरीत उभी असताना पाहिलं:
पुढच्या डाव्या पायावरून उतरत
चाकाच्या ड्रमपर्यंत एक काळी ओली रेघ.
वास असा, की शेजारच्या मासळीवालीनं
आधी स्वतःचीच पाटी उघडून पाहिली.

रोहिदास तेव्हा टँकरच्या इंजिनरूममध्ये.
फोनवर म्हणाला, हात लावू नकोस,
फेब्रुवारीत येतो ना.
नोव्हेंबर चालू होता.
तोवर मी शाळेत कशी जायचं
हे त्याच्या समुद्रावरून दिसत नाही.

म्हापशाला गेले. दोन ऑइल सील, दोन डस्ट सील,
तेलाची बाटली.
दुकानदार म्हणाला, मिस्त्री कोण?
म्हटलं, हांव.
त्यानं माझे पैसे दोनदा मोजले.

मागच्या पडवीत, इंजिनखाली दोन चिरे लावून
चाक काढलं, मडगार्ड काढलं.
त्याची लग्नाआधीची यामाहा
चष्मा काढलेल्या माणसासारखी दिसायला लागली.
ओळखीची, पण बघवेना.

वरचं टोपण सोडवताना स्प्रिंगनं उडवलं,
कौलाला लागून ते तुळशीत पडलं.
नऊ वर्षं दाबून ठेवलेलं कुणीही
असंच करील.

मग तळाचा बोल्ट.
पाना लावला, तो फिरला. फिरतच राहिला.
घट्ट नव्हता, सैलही नव्हता,
आतली नळी त्याच्याबरोबर गरागरा फिरत होती
आणि दोघं मिळून कुठंच जात नव्हती.
तासभर.
फोन लावला. रोहिदासचा चेहरा
चौकोन चौकोन होऊन थांबला, म्हणाला,
आतून कुणीतरी धरायला
आणि गेला.

एर्मेलिंदा कुंपणापलीकडून बघत होती.
जळमटं काढायची काठी घेऊन आली,
तिचं टोक कोयत्यानं तासलं, चौकोनी,
वरून नळीत घातलं आणि
आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकून म्हणाली,
घुंवडाय आतां.

कट् असा आवाज झाला.

तिचा कायतान तीस वर्षं बोटीवर होता.
काठी अशी तासायला तिला कुणी शिकवलं
ते मी विचारलं नाही.

आतलं तेल चिखलाच्या रंगाचं.
सळीवर गंजाचे दोन ठिपके, मोहरीएवढे,
खाऱ्या वाऱ्यानं कोरलेले.
एवढ्याशानं सील फाडलं होतं.
ओल्या पॉलिश पेपरनं घासत बसले,
नख अडकायचं थांबेपर्यंत.
पलीकडे भात उतू गेला, जाऊ दिला.

नवं सील बसवायला वर जुनंच उलटं ठेवायचं,
त्यावर पाइपचा तुकडा, आणि ठोकायचं.
ठक ठक ठक ठक ठप्प.
आवाज बदलला की बसलं.
हे कुणी सांगितलं नव्हतं, कानाला कळलं.

तेल एका पायाला एकशे ऐंशी.
घरात माप नव्हतं.
एर्मेलिंदानं फेणीचं साठचं माप आणलं,
पदराला पुसून दिलं.
तीन भरले. चौथं तिनं
स्वतःसाठी भरलं, तेलाचं नव्हे.

उजव्या पायाच्या वेळी तिला हाक मारावी लागली नाही.
ती गेलीच नव्हती.

अंधार पडला तेव्हा गाडी उभी होती,
आणि फरशीवर तांब्याचा एक वायसर.
कुठला? डाव्याचा? उजव्याचा?
की आधीपासूनच कुणाचाच नाही?
तीन आठवडे चाकाखाली पुठ्ठा घालते,
सकाळी उठून आधी तो बघते. कोरडा.

आता फेरीच्या लोखंडी फळीवरून उतरताना
गाडी नाक खाली करते
आणि सावकाश, घाई न करता
पुन्हा वर येते.
मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

काल फोन नीट लागला.
त्यानं सगळं विचारलं, बोल्ट, सील, तेलाचं माप,
शेवटी म्हणाला, वायसर किती होते?
म्हटलं, दोन.
तिसरा माझ्या पर्समध्ये आहे,
फेरीच्या सुट्ट्या पैशांत.